आपल्या हातचा अंक

सेवानिवृत्त होऊन मी हसनाबादला परतलो, तेव्हा माझ्याबरोबर एक पत्र्याची पेटी होती. अनेक वर्षे मुख्याध्यापकी केलेल्या माणसाच्या पेटीत जे असावयाचे तेच तिच्यात होते : जुनी छायाचित्रे, निरोपसमारंभांतील मानपत्रे आणि शाळेच्या हस्तलिखितांचे काही अंक. एके दिवशी पावसाची झड लागली होती. बाहेर पडता येईना, म्हणून मी पेटी उघडून बसलो. वरच एक मोठे हस्तलिखित होते. जाड पुठ्ठ्याचे वेष्टन, त्यावर सोनेरी अक्षरे, आत रंगीत वेलबुट्टी. त्या वर्षी शाळेने तो अंक मोठ्या थाटाने प्रकाशित केला होता. पाहुण्यांनी तो हातांत घेऊन वाखाणला, छायाचित्र निघाले आणि त्याच संध्याकाळी अंक कपाटात गेला. त्यानंतर तो कोणी उघडला असेल असे वाटत नाही. कारण त्याच्या पानांच्या रंगविलेल्या कडा अजून एकमेकींना चिकटलेल्या होत्या.

त्याच्या खाली तळहाताएवढी एक चोपडी सापडली. एकाच कागदाच्या घड्या घालून केलेली, अवघ्या आठ पानांची. तिला पुठ्ठा नव्हता, वेलबुट्टी नव्हती. तिचे कोपरे मात्र झिजून गोल झाले होते. एका पानावर तेलाचा डाग होता. दुसऱ्यावर कोणा लहान भावंडाने पेन्सिलीने रेघोट्या ओढल्या होत्या. ही चोपडी अनेक हातांतून गेली होती, अनेकांनी ती वाचली होती, हे सांगावयास कोणी साक्षीदार नको होता.

मुलांनो, या दोहोंपैकी खरा अंक कोणता ? मोठा की लहान ? कपाटात जपलेला की हाताळून झिजलेला ? या प्रश्नाचे जे उत्तर मी पंचवीस वर्षांपूर्वी दिले असते, ते आज देत नाही. माझे मत का बदलले, तेच तुम्हांला सांगावयाचे आहे.

कोणाची परवानगी न मागता, कोणा मोठ्या संपादकाची वाट न पाहता, आपल्या मनातील मजकूर आपल्या हाताने लिहून, आपणच त्याच्या प्रती करून ओळखीच्या माणसांना वाटणे, असा हा उद्योग आहे. त्याचे दोन प्रकार मुख्य होत. एकाच व्यक्तीने आपल्याविषयी, आपल्या घराविषयी, आपल्या आवडीनिवडींविषयी काढलेला तो वैयक्तिक अंक. आणि अनेकांनी आपापली पाने आणून एकत्र शिवलेला तो संकलित अंक. इंग्रजी जाणणारे लोक अशा अंकांना 'झीन' म्हणतात. अमेरिकेत विज्ञानकथांचे चाहते एकमेकांसाठी अशी पत्रे काढीत. १९४० मध्ये त्यांच्यापैकीच एकाने 'फॅनझिन' म्हणजे चाहत्यांचे मासिक हा शब्द घडविला. त्याचेच हे आखूड रूप. शब्द परका असला, तरी वस्तू आपल्याला मुळीच परकी नाही.

आपल्याकडे छापखाना येण्यापूर्वी प्रत्येक ग्रंथ हातानेच लिहिला जाई. कीर्तनकार, वारकरी आणि घरोघरचे भाविक आपल्याला आवडलेले अभंग, पदे, आरत्या एका वहीत उतरवून घेत. अशा वहीला 'बाड' म्हणत. बाडात काय घ्यावे आणि काय गाळावे, हे कोणी दुसरा ठरवीत नसे. ज्याचे बाड त्याची निवड. म्हणून दोन माणसांची बाडे कधी एकसारखी नसत. बाड वाचले की ते लिहिणारा माणूसच समोर येऊन उभा राही. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे गावोगाव पायपीट करून जुनी दफ्तरे आणि बाडे मिळवीत फिरले ते उगीच नव्हे. सामान्य माणसाने आपल्यापुरते लिहून ठेवलेले कागद पुढे साऱ्या समाजाच्या उपयोगी पडतात, हे त्यांनी ओळखले होते.

आपल्याच जालना जिल्ह्यातील जांब या गावी १६०८ मध्ये समर्थ रामदासांचा जन्म झाला. त्यांच्या 'दासबोधा'त एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास केवळ 'लेखनक्रिया' या विषयावर आहे. एवढा मोठा सत्पुरुष, आणि त्याने अक्षर कसे काढावे हे सांगण्यात एक संपूर्ण समास खर्च करावा, याचे मला लहानपणी नवल वाटे. अक्षर गोल, सरळ आणि सुटे असावे. ओळी समान असाव्यात. पहिल्या अक्षरापासून ग्रंथ संपेपर्यंत एकाच लेखणीने लिहिल्यासारखे वाटावे, अशी त्यांची शिकवण आहे. ते आणखी एक व्यवहाराची गोष्ट सांगतात. पानाच्या चहूंकडे जागा मोकळी सोडावी, म्हणजे पुढे कागदाच्या कडा झडल्या तरी अक्षराला धक्का लागत नाही. आपण तयार केलेली प्रत आपल्यामागेही कोणी तरी वाचणार आहे, हा विश्वास या सूचनेत आहे. हाताने अंक काढणाऱ्या मुलाला याहून चांगला पहिला धडा मिळणार नाही.

शाळेतील हस्तलिखिताची गोष्ट निघाली की साने गुरुजींची आठवण होणारच. १९२४ ते १९३० या काळात ते अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते आणि तेथील छात्रालयाची व्यवस्थाही पाहत. त्या छात्रालयातील मुलांसाठी त्यांनी 'छात्रालय' नावाचे हस्तलिखित दैनिक सुरू केले. महिन्याला एक नव्हे, आठवड्याला एक नव्हे, रोज एक ! दिवसभराची कामे आटोपल्यावर गुरुजी स्वतः लिहीत आणि दुसऱ्या दिवशी मुले ते उत्सुकतेने वाचीत. वाचक किती ? छात्रालयात राहणारी मुले, तेवढेच. परंतु गुरुजींनी वाचकांची संख्या मोजली नाही. समोरच्या प्रत्येक मुलाला आपण ओळखतो आणि त्याच्यासाठीच लिहितो, ही जाणीव त्यांना पुरेशी होती. पुढे लक्षावधी घरांत पोहोचलेली त्यांची लेखणी या घरगुती दैनिकातच घासून तयार झाली, असे मी मानतो.

आता आपल्या मराठवाड्याकडे पाहू. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा प्रदेश निजामाच्या राज्यात होता. तेथे राज्यकारभाराची भाषा वेगळी आणि लोकांच्या घरातील वेगळी. मोकळेपणाने लिहिणाऱ्या वृत्तपत्रांवर सरकारचा डोळा असे. आ. कृ. वाघमारे यांनी 'मराठवाडा' हे पत्र चालविले, तेव्हा त्यावर बंदी आली. बंदी येताच त्यांनी तेच पत्र दुसऱ्या नावाने काढावे, त्यावर बंदी आली की तिसऱ्या, असा सामना चालला. ते पत्र छापील होते, हस्तलिखित नव्हे. तरीही त्यामागील जिद्द मला येथे महत्त्वाची वाटते. आपल्या लोकांचे सुखदुःख आपल्या भाषेत कोणी लिहीत नसेल, तर ते आपणच लिहिले पाहिजे, ही ती जिद्द होय.

हीच जिद्द स्वातंत्र्यानंतर वेगळ्या रूपाने प्रकट झाली. १९५० च्या दशकात मुंबईत अरुण कोलटकर, दिलीप चित्रे आणि रमेश समर्थ या तरुण कवींनी 'शब्द' नावाचे पत्र काढले. त्यांच्या नव्या धाटणीच्या कवितांना नामवंत मासिकांत सहजासहजी जागा मिळण्यासारखी नव्हती. त्यांनी रुसून न बसता आपली पाने आपणच काढली आणि त्यासाठी चक्रमुद्रणाचा आधार घेतला. हे चक्रमुद्रण, म्हणजे सायक्लोस्टाइल, आमच्या पिढीच्या चांगल्या परिचयाचे आहे. आमच्या प्रश्नपत्रिका त्यावरच निघत. मेण चढविलेल्या पातळ कागदावर टोकदार लेखणीने किंवा टंकयंत्राने लिहिले, की त्या ठिकाणचे मेण निघून जाई. तो कागद शाईच्या रुळावर चढवून हँडल फिरविले, की उघड्या झालेल्या रेषांतून शाई झिरपून खालच्या कागदावर उमटे. खर्च थोडा, यंत्र लहान, आणि दोन जणांना एका रात्रीत शंभर प्रती सहज काढता येत.

पुढे १९६० च्या दशकात अशोक शहाणे यांचे 'असो', राजा ढाले यांचे 'येरू' अशी अनेक पत्रे निघाली. आपल्या शेजारच्या औरंगाबादेहून, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरहून, 'वाचा' निघाले. भालचंद्र नेमाडे यांचे नाव त्याच्याशी जोडलेले आहे. या पत्रांना 'अनियतकालिके' असे नाव मिळाले. नियत काळी निघते ते नियतकालिक. ज्याला ठरलेली तारीख नाही ते अनियतकालिक. मजकूर आणि पैसा हाती आला की अंक निघावयाचा, नाही तर थांबावयाचे ! यांतील बहुतेक पत्रे अल्पायुषी ठरली. परंतु त्यांत लिहिणारे पुढे कोठे गेले पाहा. कोलटकरांच्या 'भिजकी वही'ला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. नेमाडे यांना २०१४ चा ज्ञानपीठ पुरस्कार लाभला. पुरस्कार मिळाले म्हणून ते अंक थोर ठरत नाहीत, हे खरे. ज्या पानांना प्रथम कोणी जागा देत नव्हते, त्यांतही मोलाचे काही होते, एवढेच यावरून दिसते.

परदेशांतही असेच घडले आहे. इंग्लंडमधील हॉवर्थ या गावी ब्राँटी नावाच्या कुटुंबातील भावंडे राहत. त्यांना एकमेकांवाचून फारसे सोबती नव्हते. त्यांनी लाकडी शिपायांच्या खेळातून एक काल्पनिक जग रचले आणि त्या शिपायांना वाचता यावे म्हणून इवलाली मासिके लिहिली ! १८३० मध्ये चौदा वर्षांच्या शार्लटने लिहिलेला एक अंक आगपेटीएवढा आहे आणि त्यात सुमारे चार हजार शब्द आहेत. छापील वाटावे असे सूक्ष्म अक्षर तिने काढले आहे. हीच शार्लट पुढे इंग्रजीतील मोठी कादंबरीकार झाली. २०१९ मध्ये तो चिमुकला अंक पॅरिसच्या लिलावात सुमारे सहा लाख युरोंना विकला गेला आणि हॉवर्थच्या संग्रहालयात आपल्या घरी परतला.

अमेरिकेत फिलाडेल्फिया शहरी १८७६ मध्ये हौशी मुद्रकांची एक संस्था स्थापन झाली. अशा संस्थांत प्रत्येक सभासद आपापले पत्रक स्वतः छापतो आणि सर्वांना पुरतील एवढ्या प्रती एका ठिकाणी पाठवितो. तेथे त्यांचे एकेक गाठोडे बांधले जाते आणि प्रत्येकाला सर्वांची पाने परत मिळतात. संकलित अंकाची ही फार साधी आणि सुंदर पद्धत आहे. सोव्हिएत रशियात तर सरकारला नको असलेला मजकूर लोक रात्री दारे लावून टंकयंत्रावर उतरवीत. पातळ कागदांमध्ये कार्बन घालून एका वेळी चारपाच प्रती निघत. ज्याला प्रत मिळे, तो पुन्हा आणखी प्रती करी. या प्रकाराला तेथे 'समिझ्दात', म्हणजे स्वयंप्रकाशन, म्हणत. अशा कागदांपायी कित्येकांना तुरुंगवास घडला. एका कागदाची एवढी धास्ती राज्यकर्त्यांना का वाटावी ? माणूस आपले म्हणणे आपल्या शब्दांत मांडू लागला की त्याला वाकविणे कठीण जाते, म्हणून.

आता त्या आठ पानांच्या चोपडीकडे वळतो. ही कथा माझ्या चुकीची आहे, आणि ती सांगणे मला प्राप्त आहे.

मी ज्या शाळेत होतो, तेथील हस्तलिखिताचा संपादक मीच असे. एका वर्षी सातवीतील एका मुलीने एक पान लिहून आणले. आपल्या भोकरदन तालुक्यात मिरचीचे पीक पुष्कळ. तोडणीच्या दिवसांत ती आईबरोबर मिरच्या तोडावयास जाई. तिने लिहिले होते, की संध्याकाळी हातांची आग होते, चुकून डोळ्याला हात लागला तर रात्र रडण्यात जाते, आई ताकात हात बुडवून बसविते, आणि दुसऱ्या दिवशी शाळेत लेखणी धरवत नाही, म्हणून अक्षर वाईट येते. भाषा आमच्या गावच्या बोलीची होती. मी ते पान वाचले आणि तांबडी शाई उचलली. बोलीतील शब्द काढून पुस्तकी शब्द घातले. आगीचा आणि रडण्याचा भाग मला अंकाच्या शोभेला बाधक वाटला, तोही गाळला. शेवटी 'श्रमाचे महत्त्व' या अर्थाची दोन वाक्ये मी माझ्या पदरची जोडली, आणि एका सुंदर अक्षराच्या विद्यार्थ्याकडून ते पान उतरवून घेतले. अंक सजला. खाली त्या मुलीचे नाव होते.

तिला मी कौतुकाने पान दाखविले. तिने ते शांतपणे वाचले आणि म्हणाली, "सर, हे माझं न्हाई." एवढेच बोलून ती वर्गात गेली. मला राग आला. एवढे सुधारून दिले, त्याचे काहीच नाही, असे वाटले.

पुढे काही वर्षांनी एका माजी विद्यार्थ्याने ही चोपडी माझ्या हाती आणून दिली. त्या मुलीने आपला मूळ मजकूर, एकही शब्द न गाळता, या आठ पानांत लिहिला होता. कागदाच्या घड्या कशा घालाव्यात, हे ती कार्यानुभवाच्या तासाला शिकली होती. तिने हाताने चार प्रती केल्या होत्या, आणि त्या सबंध वर्गात आणि मग घरोघर फिरल्या होत्या. मिरची तोडणाऱ्या बायकांना कोणी तरी त्या वाचून दाखविल्या होत्या. मी घड्या उलगडल्या. तिने पाठकोरा कागद वापरला होता. पाठीमागे शाळेची एक जुनी प्रश्नपत्रिका होती, माझ्याच हस्ताक्षरातील. तिच्यात निबंधाचा एक विषय होता : 'श्रमाचे महत्त्व'.

त्या दिवशी मला कळले, की मी तिचे पान सुधारले नव्हते. ते तिच्याकडून काढून घेतले होते. मी मराठीचा पदवीधर होतो. शुद्धलेखन मला येत होते. परंतु मिरचीने होणारी आग काय असते, हे मला ठाऊक नव्हते. ते तिला ठाऊक होते, आणि तेवढ्या एका विषयात ती माझी गुरू होती.

म्हणून माझे मत असे, की प्रत्येक मुलाने वर्षातून एकदा तरी आपला एक अंक आपणच काढावा. याला काही आक्षेप घेतले जातात. त्यांचाही विचार केला पाहिजे.

पहिला आक्षेप असा, की संपादक नसला तर वाटेल ते लिहिले जाईल आणि त्यातील बरेचसे सामान्य प्रतीचे असेल. हे मला मान्य आहे. परंतु आंब्याचा सगळाच मोहोर फळत नाही. म्हणून कोणी झाडाला मोहोर येऊ देऊ नये असे म्हणत नाही. शिवाय अशा अंकाचे मोल केवळ लेखनाच्या सफाईवर ठरत नाही. लिहिणाऱ्याला त्यातून काय उमगले आणि वाचणाऱ्याला लिहिणारा किती ओळखीचा झाला, यावरही ते ठरते. शुद्धलेखन शिकू नये, असे मी म्हणत नाही. समर्थांचा धडा मी वर सांगितलाच आहे. अक्षर नीट करावयास गुरूची मदत अवश्य घ्यावी. मजकूर मात्र आपलाच असावा.

दुसरा आक्षेप असा, की आज मोबाईल असताना कागदाची यातायात कशाला ? बोट फिरविताच मजकूर हजारांना दिसतो, मग चार प्रतींचे कौतुक काय ? येथे एक अनुभव सांगतो. मोबाईलवर आलेला मजकूर क्षणभर दिसतो आणि त्याच्यावर दुसरा येऊन बसतो. तो किती जणांना आवडला, याचा आकडा लगेच समोर येतो आणि मग लिहिणारा मजकुराकडे न पाहता आकड्याकडे पाहू लागतो. हाताच्या अंकाला आकडा नाही. चौघांसाठी लिहावयाचे, तर त्या चौघांचे चेहरे डोळ्यांसमोर येतात, आणि लेखन आपोआप खरे होते. त्याला विजेची गरज नाही, नेटवर्कची नाही. तो दप्तरात मावतो, आजीला वाचून दाखविता येतो आणि तीस वर्षांनी एखाद्या पेटीत सापडतोही.

तिसरा आक्षेप पालक घेतात : याला गुण किती ? नाहीत. आणि नसावेतही ! ज्या दिवशी या अंकाला गुण मिळू लागतील, त्या दिवशी मुले पुन्हा परीक्षकाला आवडेल तेच लिहू लागतील. ज्याला गुण नाहीत असे एखादे काम मुलाच्या आयुष्यात असू द्यावे. खेळाला तरी कोठे गुण असतात ?

मीही हा लेख पाठ्यपुस्तकासाठी लिहीत आहे, याची मला जाणीव आहे. पाठ्यपुस्तक लक्षावधी मुलांसाठी असते, म्हणून त्यात सर्वांना लागू पडेल असेच लिहावे लागते. हसनाबादच्या एखाद्या गल्लीत काल काय घडले, तुमच्या वाड्यातील म्हातारे आजोबा कोणती गोष्ट सांगतात, तुमच्या रानात कोणत्या बांधावर कोणता पक्षी घरटे करतो, हे त्यात कधीच येणार नाही. ते लिहावयाचे काम तुमचे आहे. ते तुम्ही केले नाही, तर दुसरा कोणी करणार नाही.

आरंभ अगदी साधा आहे. एक पाठकोरा कागद घ्या. त्याच्या तीन वेळा निम्म्या घड्या घाला आणि तो उलगडा. आठ चौकोन दिसतील. मग कागदाच्या आखूड कडा एकमेकींना भिडतील अशी एकच आडवी घडी घाला, आणि घडीच्या बाजूने मधल्या रेघेवर एका चौकोनापुरतीच कात्री चालवा. कागद उघडलात की मधोमध फट दिसेल. आता त्याची लांब घडी घाला आणि दोन्ही टोके आत रेटा. फट उघडेल आणि पाने एकामागे एक बसून आठ पानांची चोपडी होईल. लिहावयाचे एकाच बाजूला असल्यामुळे मागील छापील मजकूर आत दडून जातो. खर्च काहीच नाही.

संकलित अंक काढावयाचा असेल, तर फिलाडेल्फियाची रीत घ्या. वर्गात तीस मुले असतील, तर प्रत्येकाने आपले एकच पान लिहावे आणि झेरॉक्सवर त्याच्या तीस प्रती काढून आणाव्यात. पैसे नसतील तर पाच जणांनी मिळून हाताने पाच प्रती कराव्यात. मग सारी पाने क्रमाने लावून सुईदोऱ्याने शिवावीत. कोणाचे पान निवडावयाचे नाही आणि कोणाचे गाळावयाचे नाही. हुशार मुलाचे पान आणि मागच्या बाकावरील मुलाचे पान शेजारी शेजारी शिवले जाते, याचे शिक्षण कोणत्याही व्याख्यानाहून मोठे आहे.

मात्र स्वातंत्र्य म्हटले की जबाबदारी आली. दुसऱ्याचे लिहिलेले आपले म्हणून लिहू नये. कोणाचे घेतले तर त्याचे नाव सांगावे. कोणी विश्वासाने सांगितलेले गुपित त्याला विचारल्यावाचून लिहू नये. एखाद्याची जात, अंगकाठी, गरिबी यांवरून हसू करू नये. जे लिहाल त्याखाली आपले नाव घालण्याचे धैर्य असावे. संपादक नाही, याचा अर्थ संपादन नाही असा नव्हे. संपादकाचे काम आता तुमच्या स्वतःच्या विवेकाने करावयाचे आहे.

शेवटी आपल्याच मातीतील एक गोष्ट सांगतो. आपले भोकरदन हेच प्राचीन काळचे भोगवर्धन, असे विद्वान मानतात. दोन हजार वर्षांपूर्वी भोगवर्धनच्या काही सामान्य लोकांनी दूर मध्य प्रदेशातील सांची आणि भरहुत येथील स्तूपांना दान दिले आणि दगडावर एकेक ओळ कोरविली. आपण कोण, कोणत्या गावचे आणि हे दान आपले, एवढाच त्या ओळींचा मजकूर. कोणी राजे नव्हते ते. परंतु त्यांची ती ओळ त्यांची स्वतःची होती, म्हणून इतक्या काळानंतरही भोगवर्धनचे नाव आपल्याला तेथे वाचता येते.

ती आठ पानांची चोपडी मी आता पेटीत ठेवीत नाही. ती माझ्या टेबलावर असते. गावातील मुले येतात, उचलतात, वाचतात आणि तिचे कोपरे आणखी झिजवितात. परवा चौथीतील एका मुलाने ती वाचून खाली ठेवली आणि मला विचारले, "आजोबा, एखादा पाठकोरा कागद आहे का ?" मी माझ्या जुन्या मानपत्रांपैकी एक त्याला काढून दिले. त्याची मागची बाजू कोरीच होती.